विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी खूनकथा आज कशा वाचाव्यात

१९१० ते १९४० या तीस वर्षांत इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या खूनकथा आज पुन्हा छापल्या जात आहेत आणि वाचल्याही जात आहेत. ब्रिटिश लायब्ररीने विस्मृतीत गेलेल्या लेखकांची मालिका काढली आणि तिच्यातील जे. जेफर्सन फार्जन यांची १९३७ सालची 'मिस्टरी इन व्हाइट' ही कादंबरी २०१४ मध्ये नव्याने आली, तेव्हा तिच्या खपाने प्रकाशकही चकित झाले. तरीही अशी कादंबरी उत्साहाने हाती घेऊन साठाव्या पानावर ठेवून देणारे वाचक पुष्कळ आढळतात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या मराठी वाचकाचे तर असे हमखास होते, कारण तिथे पानोपानी पाठलाग आणि वेषांतर असते, तर इथे चहा, बागकाम, मृत्युपत्र आणि रेल्वेचे वेळापत्रक. ही पुस्तके संथ आहेत म्हणून ती हातातून सुटतात असे मला वाटत नाही. ती सोडवण्यासाठी रचलेली आहेत आणि आपण ती नुसती वाचत जातो, ही खरी अडचण आहे. चहा आणि बागकाम यांच्या वर्णनातच पुरावा लपवलेला असतो. तो दिसण्यासाठी दोन गोष्टींची तयारी लागते: लेखक व वाचक यांच्यातील खेळाचे नियम ठाऊक असणे, आणि त्या काळच्या इंग्रजी घराची रीतभात थोडीफार माहीत असणे.

पहिले पुस्तक कोणते घ्यावे

सुरुवातीला अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' घ्यावी, असे मी सुचवेन. ती १९२० साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. ती त्यांची सर्वोत्तम कादंबरी नव्हे. शेवटाकडे ती जरा गुंतागुंतीचीच होते. परंतु मोठे घर, श्रीमंत वृद्धा, तिचे दुसरे लग्न, विष, मृत्युपत्र, बंद दारे, खोलीचा नकाशा आणि किंचित मंदबुद्धीचा निवेदक हे या प्रकारातील सारे नेहमीचे साहित्य तिच्यात एकाच ठिकाणी सापडते, आणि ते शिकण्यासाठी याहून सोयीचे पुस्तक नाही.

ज्यांना एकदम कादंबरी नको असेल त्यांनी जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउन कथांचा १९११ सालचा पहिला संग्रह घ्यावा. डोरोथी सेयर्स यांच्या 'द फाइव्ह रेड हेरिंग्ज'ने (१९३१) मात्र कोणीही सुरुवात करू नये. स्कॉटलंडची बोली आणि गाड्यांची वेळापत्रके यांच्या कचाट्यात सापडलेला नवखा वाचक पुन्हा या वाटेला फिरकत नाही.

प्रत निवडताना घ्यायची काळजी

या पुस्तकांत नकाशे, पत्रांच्या प्रतिकृती आणि हस्ताक्षराचे नमुने केवळ शोभेसाठी दिलेले नसतात. 'स्टाइल्स'मध्ये घराच्या वरच्या मजल्याचा आणि मृत बाईच्या शयनगृहाचा आराखडा आहे. कोणत्या खोलीचे दार कोणत्या खोलीत उघडते हे त्यावाचून लक्षात राहत नाही. स्वस्त ई-आवृत्त्यांतून ही चित्रे पुष्कळदा गळालेली असतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी नमुना पाने उघडून आराखडा आहे की नाही ते पाहावे.

फुकट आणि कायदेशीर प्रत हवी असेल, तर भारतातील स्वामित्वहक्काचा साधा हिशोब ध्यानात ठेवावा. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. या काळातील लेखकांपैकी चेस्टरटन १९३६ मध्ये, आर. ऑस्टिन फ्रीमन १९४३ मध्ये, तर सेयर्स आणि फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हे दोघेही १९५७ मध्ये वारले. म्हणजे त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके आपल्याकडे मुक्त आहेत. ख्रिस्ती १९७६ मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांना अजून अवकाश आहे. अमेरिकेत हक्काची गणना प्रकाशनाच्या वर्षापासून होते, म्हणून त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्या तिथल्या संकेतस्थळांवर मोफत दिसतात. त्यावरून त्या भारतातही मुक्त आहेत असे समजू नये. ख्रिस्ती यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद झालेले आहेत आणि त्यांतले काही मधुकर तोरडमल यांनी केलेले आहेत. इंग्रजी जड जात असेल तर कथानकासाठी ते जरूर वाचावेत, पण सोडवण्याच्या दृष्टीने शक्यतो मूळ शब्दच समोर असू द्यावेत, कारण एखादा धागा नेमक्या शब्दयोजनेवरच टांगलेला असतो.

प्रस्तावना शेवटी वाचावी. अभ्यासकांनी लिहिलेल्या प्रस्तावनांत खुन्याचे नाव सहज येऊन जाते आणि तसा इशारा दिलेला असतोच असे नाही. मलपृष्ठावरचा मजकूर, विश्वकोशातील नोंद आणि दूरचित्रवाणी रूपांतर यांनाही हाच नियम लावावा. डेव्हिड सुशे यांनी रंगवलेला ख्रिस्ती यांचा गुप्तहेर पॉयरो पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण पडद्यावर घरातील बारीकसारीक वस्तू क्षणभरच दिसतात आणि निम्मे धागे वेळेअभावी वगळलेले असतात. आधी पुस्तक, मग मालिका.

खेळाचे नियम

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने, जे स्वतःही रहस्यकथा लिहीत, एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच आला पाहिजे. भुताखेतांचा आधार घेता कामा नये. आजवर अज्ञात असलेले विष वापरू नये. गुप्तहेराला निव्वळ योगायोगाने उत्तर सापडू नये. आणि त्याला दिसलेला प्रत्येक धागा तात्काळ वाचकालाही दिसला पाहिजे. जुळ्या भावंडांची पूर्वसूचना हवी असाही एक नियम आहे. कथेत चिनी माणूस नको हा पाचवा नियम आज विचित्र वाटतो. स्वस्त थरारकथांमधल्या कपटी चिनी खलनायकाच्या ठोकळ्याची ती खिल्ली होती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथालेखकांच्या मंडळात ख्रिस्ती, सेयर्स, अँथनी बर्कली हे सारे होते, चेस्टरटन पहिले अध्यक्ष झाले, आणि नव्या सदस्याला वाचकाशी प्रामाणिक राहण्याची शपथ थोड्या गमतीनेच का होईना घ्यावी लागे.

हे नियम निम्मे थट्टेत लिहिलेले होते आणि बहुतेक चांगल्या लेखकांनी ते कधी ना कधी मोडलेही आहेत. तरीही वाचकाला त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. अखेरच्या पन्नास पानांत प्रथमच दिसलेल्या अनोळखी माणसावर संशय घेण्याचे कारण नाही. सर्वांत उपयोगी पडतो तो नववा नियम: गुप्तहेराच्या मित्राने, म्हणजे वॉटसनसारख्या निवेदकाने, आपल्या मनातले काहीही लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा अगदी किंचितच कमी असावी. यातून वाचनाची एक रीत निघते. असा निवेदक जे पाहतो ते सहसा खरे असते, आणि त्यावरून तो जे ठरवतो ते सहसा चुकीचे असते. 'स्टाइल्स'मधला निवेदक हेस्टिंग्ज एखाद्या व्यक्तीविषयी कितीही ठाम मत देवो, ते मत बाजूला काढून फक्त त्याने पाहिलेली कृती टिपावी.

वही आणि पेन्सिल

दररोज दोन-तीन प्रकरणे हा वेग पुरेसा आहे. वहीच्या पहिल्या पानावर घरातील माणसांची वंशावळ काढावी, कारण सावत्र मुलगे, पोसलेल्या मुली आणि दुसरे नवरे यांचा गोंधळ पैशाच्या प्रश्नात महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या पानावर मृत्यूच्या आदल्या संध्याकाळचे वेळापत्रक मांडावे. त्यापुढील पानांवर नोंदी करताना एकच शिस्त पाळावी: निवेदकाने स्वतः पाहिलेले एका बाजूला आणि कोणी तरी सांगितलेले दुसऱ्या बाजूला. "साडेचारला मालकीणबाईंच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला" असे मोलकरीण सांगते, तेव्हा आवाज आला एवढेच तिला ठाऊक असते. कोणाचा आवाज हा तिचा अंदाज असतो. या कथांतील किती तरी चकवे या एका फटीतून शिरतात.

दारांच्या बाबतीत किल्लीने लावलेले कुलूप आणि आतून सरकवलेली कडी यांची नोंद वेगवेगळी करावी. कुलूप किल्ली असलेल्या कोणालाही बाहेरून लावता येते. कडी सरकवायला माणूस आत असावा लागतो, निदान तसे दिसते.

जवळून पाहिलेला एक धागा

'स्टाइल्स'मध्ये पॉयरो मृत बाईच्या खोलीची तपासणी करून सहा लक्षणीय गोष्टी मोजतो. भुकटी होईपर्यंत चिरडलेला कॉफीचा कप, कुलपात किल्ली असलेली कागदपत्रांची पेटी, जमिनीवरचा ओलसर डाग, गडद हिरव्या कापडाचे एक-दोन धागे आणि लिहिण्याच्या टेबलाजवळ सांडलेले मेणबत्तीचे मेण अशा पाच तो सांगतो. सहावी सध्या स्वतःजवळच ठेवतो. मेणाचा डाग कालनंतरचाच असला पाहिजे, असे तो म्हणतो आणि त्याचे कारण गमतीदार आहे: चांगल्या मोलकरणीने टीपकागद आणि गरम इस्त्री घेऊन तो लगेच काढला असता. डागाचे वय ठरवायला इथे प्रयोगशाळा लागलेली नाही, घरकामाचा परिपाठ पुरला आहे.

आता याच खोलीतील शेगडी पाहावी. महिना जुलैचा, दिवस भाजून काढणारा, आणि तरीही बाईंनी खोलीत विस्तव पेटवायला सांगितलेला. राखेत मृत्युपत्राचा जळका तुकडा सापडतो. पण मृत्युपत्र नष्ट करायला उन्हाळ्यात विस्तव कशाला, ते फाडून टाकता आले नसते का? याचे उत्तर कादंबरीच्या अगदी आरंभी, गप्पांच्या ओघात येऊन गेलेले असते. पहिल्या महायुद्धाचे दिवस आहेत, घरात काटकसर चालू आहे आणि कागदाचा कपटासुद्धा फेकला जात नाही, सारी रद्दी पोत्यांत भरून पाठवली जाते. अशा घरात जाड कागद फाडून टोपलीत टाकणे म्हणजे तो दुसऱ्याच्या हाती देणे. पहिल्या वाचनात हे वाक्य युद्धकाळाचे वातावरण म्हणून सरकून जाते, आणि लेखिकेची तीच अपेक्षा असते. यावरून खुनी कोण हे कळत नाही, त्यामुळे वाचनाची गोडी बिघडत नाही. पण शोध कुठे घ्यायचा हे मात्र कळते. जे वाक्य केवळ वातावरणनिर्मितीसाठी आल्यासारखे वाटेल त्याखाली पेन्सिलीची रेघ ओढावी.

त्या काळाची माहिती किती लागते

पैशाचा हिशोब चटकन शिकता येतो. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड आणि एकवीस शिलिंगांची गिनी. नवी कादंबरी साडेसात शिलिंगांना मिळे, आणि १९३५ मध्ये पेंग्विनने सहा पेन्सला पुस्तके काढली तेव्हा पहिल्या दहा पुस्तकांत 'स्टाइल्स' होते. शहरात टपाल दिवसातून अनेकदा वाटले जाई, म्हणून सकाळचे पत्र संध्याकाळी पोहोचले तर त्यात संशयास्पद काही नाही. रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलण्याची प्रथा असल्यामुळे प्रत्येक पात्र संध्याकाळी काही वेळ आपल्या खोलीत एकटे असते, आणि ही वेळ खुन्याच्या फार कामाची.

कायद्याची माहिती मात्र जरा खोलात जाऊन घ्यावी, कारण खुनाचा हेतू पुष्कळदा तिथे असतो. इंग्लंडमध्ये १८३७ च्या कायद्यानुसार लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. हे इंग्रज वाचकाला ठाऊक असे, म्हणून लेखक ते समजावून सांगण्याच्या फंदात पडत नाही. आपल्याकडे हिंदू व्यक्तीचे मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, त्यामुळे मराठी वाचक या धाग्यावरून सहज पुढे निघून जातो. या कथांत कोणी वृद्धा दुसरे लग्न करते किंवा एखाद्या श्रीमंताचा अचानक विवाह ठरतो, तेव्हा जुने मृत्युपत्र कोणाच्या नावे होते हे लगेच वहीत लिहावे.

"घटस्फोट का घेतला नाही?" हा आजच्या वाचकाचा दुसरा नेहमीचा प्रश्न. १९२३ पर्यंत पत्नीला केवळ पतीच्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. क्रौर्य, परित्याग किंवा असाध्य वेड ही स्वतंत्र कारणे १९३७ च्या कायद्याने आली. दोघांनी संगनमताने अर्ज केल्याचे उघड झाले तर तो फेटाळला जाई. इतक्या कोंडलेल्या विवाहसंस्थेत आर्सेनिकची पुडी लेखकाला शक्य कोटीतली का वाटली, हे यावरून समजते. पकडल्यास फाशी होती. १९५७ पर्यंत खुनाच्या दोषी प्रौढाला न्यायाधीश सहसा दुसरी शिक्षा देऊच शकत नसत. अपराध्याला आत्महत्येची संधी देणारे गुप्तहेर आज खटकतात, पण त्यामागे ही फाशीची सावली आहे.

कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, याच्यापुढील चौकशीचे प्रकरण वाचक कंटाळून वगळतात. ते मुळीच वगळू नये, कारण तिथे प्रत्येक साक्षीदार शपथेवर बोलतो आणि आधीच्या गप्पांतील विधानांशी त्याची साक्ष ताडून पाहता येते. मुंबईतही कॉरोनरचे पद १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत होते, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना ही कल्पना अगदी परकी वाटणार नाही.

विषे हा तर या काळाचा खास प्रांत. ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते. औषधे कशी मिसळतात, बाटलीत काय खाली बसते, कशाची चव कडू असते हे त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होते. आर्सेनिक तणनाशकात आणि माश्या मारण्याच्या कागदात असे, आणि विष विकताना औषधविक्रेत्याला नोंदवहीत ग्राहकाची सही घ्यावी लागे. हे लेखकांनी हवेतून आणलेले नव्हते. हे-ऑन-वाय या गावचा वकील हर्बर्ट आर्मस्ट्राँग पत्नीला आर्सेनिक दिल्याबद्दल १९२२ मध्ये फाशी गेला, आणि ते आपण बागेतील तणासाठी घेतल्याचे त्याचे म्हणणे होते. कथेत विषाच्या वहीतील सही दिसली की सही कोणाची यापेक्षा ती करणाऱ्याला विक्रेता चेहऱ्याने ओळखत होता का, हे आधी पाहावे.

बोटांच्या ठशांवर मात्र फार विसंबू नये. ठशांचे वर्गीकरण एडवर्ड हेन्री बंगालच्या पोलीस खात्यात असताना अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मदतीने तयार झाले. १८९७ मध्ये कोलकात्यात आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डमध्ये ते वापरात आले. वीस वर्षांनी लिहिणाऱ्या लेखकांच्या गुन्हेगारांना हे सारे माहीत असते. म्हणून हत्यारावर स्पष्ट ठसे सापडले, की ते तिथे कोणी मुद्दाम ठेवले असा प्रश्न विचारावा. ठसा बनावट असू शकतो या कल्पनेवर ऑस्टिन फ्रीमन यांनी १९०७ मध्येच 'द रेड थम्ब मार्क' उभी केली होती.

खटकणाऱ्या मजकुराचे काय करावे

ज्यूंविषयीचे तिरकस उल्लेख, नोकरांची टिंगल, परदेशी माणसाविषयीचा तुच्छभाव आणि हिंदुस्थानातून परतलेला, जगाला काही कळत नाही असे मानणारा कर्नल हे सारे या पुस्तकांत आहे. ख्रिस्ती यांच्या १९३९ सालच्या 'अँड देन देअर वेअर नन'चे मूळ इंग्लंडमधील नाव वर्णद्वेषी शब्दामुळे आज छापले जात नाही. अमेरिकेत ते १९४० मध्येच बदलले गेले. अलीकडच्या आवृत्त्यांत काही वाक्येही सौम्य केलेली आहेत.

हा मजकूर काळाचा म्हणून डोळेझाक करावी, किंवा त्यावरून पुस्तक मिटून ठेवावे, हे दोन्ही मला पटत नाही. हा तुच्छभाव पात्राचा आहे की लेखकाचा, एवढे दर वेळी तपासावे. पात्राचा असेल तर तो अनेकदा चकवाच असतो: घरातली मंडळी परक्यावर संशय घेतात, तेव्हा लेखक वाचकालाही त्याच खड्ड्याकडे नेत असतो. बेल्जियमहून आलेल्या निर्वासित पॉयरोला सारे हास्यास्पद परदेशी समजतात आणि त्याच्यासमोर बेसावध बोलतात. लेखकाचाच असेल, तर तसे वहीत नोंदवून पुढे जावे. सेयर्सच्या काही पानांवर मला तसे वाटले आहे आणि तिथे त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही.

उत्तरापूर्वी थांबणे

अमेरिकेतील एलरी क्वीन या जोडलेखकांनी १९२९ च्या 'द रोमन हॅट मिस्टरी'पासून उत्तराच्या आधी वाचकाला जाहीर आव्हान देण्याची प्रथा पाडली: सर्व पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता सांगा. इंग्रज लेखक असे पान सहसा देत नाहीत, पण गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यात बोलावतो ती जागा तीच. तिथे पुस्तक बंद करावे आणि एक परिच्छेद लिहावा: खुनी कोण, कृती कशी झाली, आणि कोणत्या तीन धाग्यांवरून आपण हे म्हणतो. नुसते नाव लिहिण्यात अर्थ नाही. सात संशयितांत एखादे नाव असेही बरोबर येते, आणि सर्वांत कमी संशयास्पद माणूस निवडण्याची युक्ती तर त्या काळच्या लेखकांनी केव्हाच ओळखून उलटवली होती.

उत्तर वाचून झाल्यावर पहिली तीन प्रकरणे लगेच पुन्हा वाचावीत. लेखकाचे कसब खऱ्या अर्थाने इथे दिसते: कोणते वाक्य दोन्ही अर्थांनी खरे होते, कोणती वस्तू यादीच्या मधोमध दडवली होती, कोणत्या विनोदाने आपले लक्ष दुसरीकडे वळवले. उत्तर पटले नाही तर तसे स्पष्ट लिहावे. सगळीच पुस्तके प्रामाणिक नसतात.

पुढची वाट

'स्टाइल्स'नंतर आवडीप्रमाणे वाटा फुटतात. वेळेचा हिशोब आवडणाऱ्याने रेल्वेत अभियंता असलेल्या क्रॉफ्ट्स यांची 'द कास्क' (१९२०) घ्यावी आणि गाड्या-बोटींच्या वेळा खरोखर कागदावर मांडाव्यात. बंद खोलीचे वेड असेल तर जॉन डिक्सन कार यांची 'द हॉलो मॅन' (१९३५) आहे. तिच्यात गुप्तहेर कथा थांबवून बंद खोलीच्या युक्त्यांवर व्याख्यानच देतो, आणि ते व्याख्यान त्या कथेइतकेच रंजक आहे. गुन्हेगार आधीच दाखवून तो कसा सापडतो हे सांगण्याची उलटी रीत ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या 'द सिंगिंग बोन'मध्ये आणली. सेयर्सकडे 'स्ट्राँग पॉयझन'पासून (१९३०) यावे, म्हणजे पुढच्या पुस्तकांतील हॅरिएट व्हेन आधीपासून ओळखीची होते. बर्कली यांची 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' (१९२९) पाच-सहा पुस्तके झाल्यावर वाचावी: तिच्यात एकाच खुनाची सहा माणसे सहा उत्तरे देतात, आणि पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याच्या सवयीचीच ती थट्टा असल्यामुळे ती सवय आधी लागलेली असणे बरे. ख्रिस्ती यांची १९२६ सालची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' तिच्याही आधी, पण किमान तीन पुस्तके झाल्यावर, तिच्याविषयी कोणाशीही एक शब्द न बोलता वाचावी.